घोरपड, दोन मावळे आणि छोटा पडदा

२००९ सालच्या फेब्रुवारीत शिवजयंतीनिमित्त आमच्याकडे निबंध स्पर्धा झाली. मी तेव्हा बिरवाडी परिसरातल्या एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो. विषय होता ‘सिंहगडचा रणसंग्राम’. त्याआधी दोन-तीन महिन्यांपूर्वी स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका सुरू झाली होती. अमोल कोल्हे यांच्या रूपातले महाराज संध्याकाळी घराघरांत येत, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरे लाकडी पट्ट्यांनी लढाया करीत. त्यामुळे निबंधांचे गठ्ठेच्या गठ्ठे आले. बहुतेकांत तोच ओघ होता: जिजाऊंची इच्छा, रायबाचे लग्न, यशवंती घोरपड, तुटलेली ढाल, शेलारमामा, कापलेले दोर, आणि शेवटी महाराजांच्या तोंडचे ते प्रसिद्ध वाक्य.

एक निबंध मात्र वेगळा होता. घाटाखालच्या एका वाडीतून चालत शाळेत येणाऱ्या आठवीतल्या मुलीने घोरपड गाळून टाकली होती. तिने लिहिले होते की घोरपडीला माणसाचा भार पेलणार नाही. आमचा मामा आग्या मोहोळाचा मध काढायला कड्यावर चढतो, तसे कोणीतरी आधी चढले असेल आणि मग त्यांनी वरून दोर सोडला असेल. शेलारमामा नाही, वाक्य नाही. शेवटची दोन पाने मामा कडा कसा चढतो यावरच खर्ची घातलेली.

मी तिला दहापैकी चार गुण दिले. शेरा लिहिला: ‘विषयाला सोडून. मुख्य प्रसंग राहिला.’

हा लेख त्या शेऱ्याबद्दल आहे. निवृत्तीनंतर साधने सावकाश वाचायला सवड मिळाली, तेव्हा मुख्य प्रसंग तिच्याकडून नव्हे, माझ्याकडून राहिला होता हे ध्यानात आले. तो माझ्याकडून का राहिला, याचा शोध घेताना पोवाडा, कादंबरी, चित्रपट आणि मालिका या सगळ्यांच्या वाटेने जावे लागले.

आधी जे पक्के आहे ते सांगतो. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, म्हणजे माघ वद्य नवमीला, तो पुन्हा घेतला गेला. किल्ल्यावर उदेभान हा रजपूत किल्लेदार होता. तानाजी मालुसरे आणि उदेभान दोघेही पडले. या प्रसंगाचा सविस्तर आणि काळाने जवळचा वृत्तान्त कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. म्हणजे घटनेला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांच्या आसपासचा काळ लोटला होता. त्या रात्रीची माणसे अजून हयात असतील इतका.

सभासद काय सांगतो? तानाजीने गड घेण्याचा विडा उचलला आणि तो पाचशे माणसे घेऊन गडाखाली गेला. दोन मर्दाने मावळे निवडले. ते रात्री वानरासारखे कडा चढून गेले. वर पोचल्यावर त्यांनी माळ लावली. माळ म्हणजे दोराची शिडी. त्या माळेवरून तानाजीसह तीनशे माणसे वर गेली. मग झुंज. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली. दोघे सरदार एकमेकांच्या वारांनी पडले. पुढे सूर्याजीने लोकांना सावरून काम तडीस नेले. पागेच्या खणांना आग लावली, आणि तिचा उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला.

या हकिकतीत घोरपड नाही आणि कापलेले दोरही नाहीत. ‘परतीचे दोर कापले’ हा वाक्प्रचार आपण उठता-बसता वापरतो, पण त्याची ही कथा सभासदाच्या नंतरची आहे. आणि ज्या वाक्यावरून किल्ल्याला नाव मिळाले असे आपण शिकलो आणि शिकवले, त्याचीही तीच गत. खुद्द महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या पत्रात या किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असाच आहे. तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी नाव रूढ होते. सिंह गेला म्हणून सिंहगड झाला नाही. सिंहगड होताच, म्हणून पुढच्या काळाला ते वाक्य सुचले.

मग घोरपड आली कुठून? ती येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. हा पोवाडा सर्वांपर्यंत पोचला तो हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळे. पोवाड्यात जिजाऊ प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात, महाराजांना बोलावून सोंगट्यांचा डाव मांडतात आणि जिंकल्यावर गड मागतात. तानाजी पोराच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन येतो. ऐंशी वर्षांचा शेलारमामा येतो. घोरपड माघारी फिरते तेव्हा तानाजी तिला मारण्याचा धाक घालतो. वर उदेभानाच्या बाजूने चंद्रावळी हत्ती येतो, सिद्दी हिलाल येतो, मग उदेभानाचे मुलगे येतात आणि तानाजी एकेकाला संपवीत जातो.

पोवाड्याला खोटे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काही हाती लागत नाही. पोवाडा डफावर, तुणतुण्याच्या साथीने, समोर बसलेल्या माणसांसाठी गायचा असतो. शाहिराला रात्र धरून ठेवायची असते. एकामागून एक अडथळा, दर अडथळ्याला एक झटापट, मध्ये एखादा विनोद, आणि अंगावर काटा आणणारे एखादे वचन, ही त्याची गरज आहे. सभासद मात्र एका राजासाठी त्याच्या वडिलांचे चरित्र लिहीत होता; त्याला कोणाला जागे ठेवायचे नव्हते.

इथे मालिकांचे मूळ सापडते. आपण मालिकांना बखरीच्या मापाने मोजतो आणि मग चिडतो. पण त्या पोवाड्याच्या वंशातल्या आहेत. आठवड्याचे पाच-सहा दिवस अर्धा तास, मध्ये जाहिराती, आणि उद्या पुन्हा पाहावेसे वाटेल असा शेवट. कोंढाण्याची झुंज एका रात्रीची. सभासदाच्या बखरीत ती पानभरात आटोपते. ती पानभर हकिकत कित्येक भागांना पुरवायची, तर चंद्रावळी हत्ती हवाच. हत्ती परवडत नसेल तर कटकारस्थान हवे, हेर हवा, घरातला रुसवा हवा.

मधला दुवा अर्थातच कादंबरीचा आणि चित्रपटाचा. हरि नारायण आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ लिहून पोवाड्याला गद्याचे आणि कारणमीमांसेचे कपडे घातले. त्यावरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. पेंटरांनी त्यात कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीची दृश्ये टिपली. तरुण शांतारामांनी, म्हणजे पुढच्या व्ही. शांताराम यांनी, शेलारमामा रंगवला. या चित्रपटापासून आपल्याकडे वास्तवाची एक व्याख्या पक्की झाली: अंधार खरा वाटला पाहिजे, पागोटे बरोबर असले पाहिजे, तलवार पुठ्ठ्याची दिसता कामा नये. कथेचा सांगाडा मात्र शाहिराचाच राहिला.

दूरदर्शनवर १९८८ मध्ये श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली. तीत नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज होते. नेहरूंच्या ग्रंथावर बेतलेली ती मालिका वेगळ्या प्रकृतीची होती. तिथे निवेदक थांबून विचार करीत असे. पुढे खासगी वाहिन्या आल्या. ‘राजा शिवछत्रपती’चे निर्माते नितीन देसाई मुळात कलादिग्दर्शक, आमच्याच रायगड जिल्ह्यात कर्जतला त्यांचा स्टुडिओ. त्यामुळे दरवाजे, तट, दिवट्या, दागिने यांची भव्यता मराठी पडद्याला नवी होती. २०१७ ते २०२० या काळात झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ चालली, २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘स्वराज्यजननी जिजामाता’ आली. जानेवारी २०२० मध्ये ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ चित्रपटगृहांत लागला आणि नंतर छोट्या पडद्यावर पुन:पुन्हा दिसू लागला. त्यात उदयभान ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ कोंढाण्यावर चढवतो. ही तोफ ना सभासदात आहे ना पोवाड्यात. पण पुढच्या एका स्पर्धेचे निबंध तपासताना ती मला सहा वह्यांत सापडली, आणि एकीत तर तिची लांबीही दिली होती.

पडद्यावरची कल्पना अशी परंपरेत कशी शिरते, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडात आहे. रॉबिन हूड हा तिथला मध्ययुगीन बंडखोर, कायद्याने बाहेर टाकलेला धनुर्धर. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची गाणी लोकांच्या तोंडी असल्याचा उल्लेख मिळतो. जुन्या गाण्यांतला रॉबिन सरदार नाही. तो मधल्या थरातला, साधा स्वतंत्र माणूस आहे. १५९८ च्या सुमारास अँथनी मंडे या नाटककाराने त्याला थेट हंटिंग्टनचा उमराव करून टाकले, आणि पुढे कित्येकांना तोच खरा वाटला.

दूरचित्रवाणीने त्यात आपली भर घातली. १९८४ ते १९८६ या काळात ब्रिटनच्या आयटीव्हीवर रिचर्ड कार्पेंटर यांची ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ ही मालिका झाली. तिचे कौतुक वास्तवतेसाठी झाले: खरी राने, खरे किल्ले, चिखलाने माखलेली माणसे. त्याच मालिकेत शिंगे धारण करणारा हर्न हा वनदेव रॉबिनला दृष्टान्त देतो आणि त्याच्या हाती मंतरलेली तलवार येते. म्हणजे अंगावरचा चिखल खरा आणि गोष्ट जादूची. तीत नासिर नावाचा एक अरब योद्धा रॉबिनच्या टोळीत दाखवला होता. जुन्या कोणत्याही गाण्यात तो नाही. पण १९९१ च्या हॉलिवूडपटात रॉबिनबरोबर अझीम आला, २००६ च्या बीबीसीच्या मालिकेत जॅक आली, आणि आता रॉबिनच्या टोळीत पूर्वेकडचा एक साथीदार असतोच असे प्रेक्षक धरून चालतात. आमच्या ‘नागिन’ तोफेचे पुढे काय होईल, याचा अंदाज यावरून करता येतो.

मात्र या तुलनेला मर्यादा आहे. रॉबिन हूड नावाचा कोण माणूस होऊन गेला हे कागदांवरून ठरवता आलेले नाही. तानाजी निःसंशय होऊन गेला. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत महाराजांना बंडखोर म्हटले आहे. मोगलांच्या लेखी तर सगळे मावळे कायद्याबाहेरचेच. रॉबिनच्या जुन्या कथेत राजा शेवटी त्याला माफी देऊन दरबारी नेतो, पण तिथे त्याचा जीव रमत नाही आणि तो रानात परततो. आपल्या कथेत कोणी कोणाला माफी देत नाही. बंडखोर स्वतःच ६ जून १६७४ रोजी रायगडावर सिंहासनावर बसतो.

आणि हा शेवट आपल्याला ठाऊक असल्यामुळेच मालिकांची दृष्टी बिघडते. त्या सिंहासनापासून मागे पाहत कथा सांगतात. १६७० सालचा तानाजी पडद्यावर असा बोलतो की जणू १६७४ त्याला आधीच दिसले आहे. प्रत्यक्षात त्या रात्री कड्याखाली उभ्या असलेल्या पाचशे माणसांपुढे सिंहासन नव्हते. माघाची थंडी, वद्य नवमीचा अंधार आणि एक कडा होता. गड हाती येईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. त्यांचे धैर्य त्या न माहीत असण्यात आहे. शेवट आधी सांगून टाकला की ते धैर्य स्वस्त होते.

आता पुन्हा त्या कड्याकडे येऊ. घोरपडीच्या कथेवर आपल्याकडे बरेच खल झाले आहेत. घोरपडीची नखे चिवट पकड घेतात हे खरे, पण पाच-सात किलोंच्या प्राण्याच्या भरवशावर माणूस कडा चढत नाही. काहींनी घोरपड म्हणजे चढण्याचे एखादे साधन असावे असा तर्क केला, काहींनी ते एखाद्या माणसाचे टोपणनाव असावे असे म्हटले. हे सगळे तर्क आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. घोरपड पोवाड्यात आली तेव्हा तिने कोणाची जागा घेतली?

त्या दोन मावळ्यांची. सभासदाने त्यांची नावे दिलेली नाहीत, पण ते होते, दोन होते, आणि निवडून घेतलेले होते, एवढे त्याने नोंदवले. पुढच्या परंपरेत त्यांचे काम एका जनावराकडे गेले. आणि आता ‘आम्ही चमत्कार दाखवत नाही, वास्तव दाखवतो’ असे म्हणणारे जेव्हा घोरपडीला रजा देतात, तेव्हा ती जागा मूळ मालकांना परत मिळत नाही. ती नायकाला मिळते. पडद्याला एक चेहरा हवा असतो, म्हणून कड्यावर पहिला हात त्याचाच पडतो. मिथक गेले असे आपल्याला वाटते. खरे तर ते जनावरातून नायकाच्या दंडात शिरलेले असते.

आमच्या भागात राहणाऱ्याला हे अधिक खुपते, कारण ती माणसे इथली आहेत. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे मालुसऱ्यांचे गाव; तानाजीची समाधी तिथे आहे, सिंहगडावरही आहे. सिंहगडाहून देह उमरठला आणला तो केळदजवळच्या ज्या घाटाने, तो मढे घाट, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हा घाट खाली कर्णवाडीकडे, म्हणजे आमच्या बिरवाडीच्याच बाजूला उतरतो. नावाची ही उपपत्ती समकालीन कागदाने सिद्ध झालेली नाही, आणि सिंहगडाच्या नावाचा अनुभव पाहता सावध राहावे हे बरे. पण घाटाने एक गोष्ट निश्चित सांगता येते. सह्याद्रीच्या या धारेवरच्या वाटा वापरात राहिल्या त्या इथल्या माणसांच्या पायांनी. अवघड टप्प्यावर खाचा पाडलेले झाडाचे खोड टेकवायचे, त्याला इकडे निसणी म्हणतात. डोक्यावर भारा घेऊन बाया निसणीवरून उतरतात. मध काढणारे कड्यावरून दोर सोडतात. सभासदाची माळ आणि ही निसणी एकाच घरच्या. चमत्कार नव्हे, कसब. आणि ते एका माणसाचे नव्हे, एका मुलखाचे.

हे जुन्या काळापुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, त्याच काळात पोलादपूरमध्ये साखर सुतारवाडीवरही, आणि महाड शहर पाण्याखाली गेले. दोन्ही वेळी वाहिन्यांच्या गाड्या आल्या. छत्री धरून निवेदक बोलत होते. त्यांच्या मागे, चौकटीच्या कडेला, आमच्याकडची पोरे कमरेला दोर बांधून गाळात उतरताना दिसत होती. पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत होती. तिच्यावर त्यांच्यासाठी एकच शब्द होता: ‘स्थानिक’.

मी तो शब्द पाहिला आणि मला सभासद आठवला. तिथेही नावे नाहीत. पण तो निदान ‘दोन’ म्हणतो, ‘निवडून’ म्हणतो, कसे चढले ते सांगतो. तीनशे वर्षांनी, प्रत्यक्ष चित्र समोर असताना, आम्ही तेवढेही सांगत नाही.

मालिका बंद करा असे माझे म्हणणे नाही. या मालिकांनी पोरांना इतिहासाची गोडी लावली हे मी वर्गात पाहिले आहे. पोवाडाही मला सोडवत नाही; शेलारमामा आला की आजही मी ताठ बसतो. मिथकाला मिथक म्हणून प्रेमाने ऐकावे. पण वास्तवाचा दावा करणाऱ्याला दागिन्यांच्या घडणीबरोबर एक प्रश्न विचारला पाहिजे: कड्यावर आधी कोण गेले? त्याचे उत्तर देण्यासाठी कुठल्या मोठ्या खर्चाची गरज नाही. दोन माणसे, रात्र आणि दोर. खरे तर पडद्यावर यापेक्षा थरारक काय असेल?

त्या मुलीची आणि माझी गाठ मध्यंतरी महाडच्या एसटी स्थानकावर पडली. कडेवर मूल होते. ‘सर, ओळखलं का?’ असे तिनेच विचारले. मी तिला निबंधाचे सांगितले, चार गुणांचे सांगितले, आणि तुझे बरोबर होते असेही सांगितले. तिला काही आठवत नव्हते. ‘असंल सर,’ ती हसून म्हणाली. मग मी मामाची चौकशी केली. मामा आता कड्यावर जात नाहीत, गुडघे गेले. त्यांचा मुलगा एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला लागला आहे, त्याला चढता येत नाही.

तिची गाडी लागली. घरी आल्यावर मी यंदाच्या शिवजयंतीच्या निबंध स्पर्धेसाठी विषय लिहून दिला. समितीने तो जरा विचित्र आहे असे म्हणत ठेवून घेतला. विषय असा: ‘कोंढाण्यावर पहिल्यांदा चढलेले दोघे’.